मानशीचं दार

आमच्या घरात मीठ चिमटीने नाही, ढिगाने मोजतात.
आगरवाड्याच्या खाजनात सासऱ्यांचे अकरा वाफे,
आणि मी, सातव्या महिन्यात,
अळणी पेज पुढ्यात घेऊन बसलेली.

मला काहीच होत नव्हतं. हेच तर कुणाला पटेना.
तुयेच्या दवाखान्यात सिस्टर झेल्माने
दंडाला पट्टा गुंडाळला. तो फुगला, आवळला,
जत्रेत कुणी हात धरावा आणि सोडायचं विसरावं तसा.
मग हवा सुटली. ती गप्प.
"पाच मिनिटं बस. पाठ टेकव. पाय जमिनीवर. बोलू नको."
पुन्हा पट्टा.
एकशे अठ्ठेचाळीस. खाली शहाण्णव.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी
माझ्या वाटणीचं खारं, सुकं, तोरांची बरणी
सगळं माळ्यावर चढवलं.
सिस्टर म्हणाली, "मीठ बेताने खा, ते बरंच.
पण मीठ सोडलं म्हणून गोळी सोडलीस
तर मी घरी येऊन ओरडेन."

उल्हासने पोत्यांची वही आणली.
डाव्या पानावर पोती, उजव्या पानावर मी.
बावीस पोती. एकशे चाळीस, नव्वद.
एकोणीस पोती. एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी.
पोती वाढली की तो खूश,
मी वाढले की वही मिटून अंगणात जायचा.

सासरे कमी बोलतात.
एकदा बांधावर मला मानस दाखवली,
भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारं लाकडी दार.
"पाण्याचा राग करून काय उपयोग?
ते येणारच. दार कुरकुरलं की
उठून बघायचं, एवढंच आपल्या हातात."
पुनवेच्या रात्री ते तिथेच झोपतात,
कान दाराकडे लावून.

मार्चात वाफे पांढरे झाले.
दुपारी वाटेवर उभी होते,
डोळ्यांपुढे चमचम, ठिपके, ठिपके,
मला वाटलं मीठच ते, उन्हातलं.
डोळे मिटले.
मिटलेल्या डोळ्यांतही होतं.

कपाळात घण. उजव्या बरगडीखाली
कुणी मूठ रोवल्यासारखं.
सकाळी हातातून न निघालेल्या बांगड्या आठवल्या,
आणि सिस्टरने उजव्या पानाच्या तळाशी
लाल शाईत लिहिलेलं: यातलं एक जरी झालं, थांबू नको.

थांबले नाही. उल्हास पाय न धुताच
गाडीत चढला, पोटरीपर्यंत चिखल.
कोलवाळच्या पुलावर त्याने विचारलं, हलतंय ना?
हलत होतं.

बांबोळीला नळी जोडली
आणि अंगातून ऊन धावलं, मानेपासून टाचेपर्यंत.
"हे काय?"
डॉक्टर शिरवईकर नळीकडे बघतच म्हणाल्या,
"झटके येऊ नयेत म्हणून. मॅग्नेशियम.
एका परीने मीठच."

मीठ!
मला हसू आलं, ओठ जड होते तरी.
माळ्यावर चढवलेलं
शिरेतून परत आलं.

पस्तीस आठवडे, एक किलो नऊशे.
उल्हासने ते चुकून डाव्या पानावर लिहिलं.

सासूबाई म्हणाल्या, सुटलीस, आता गेलं ते प्रेशर.
गेलं नव्हतं. पाचव्या दिवशी पुन्हा चढलं.
"बाळ बाहेर आलं हे शरीराला
कळायला वेळ लागतो," सिस्टर म्हणाली,
आणि घरी गेल्यावरही वही चालूच.

बाराव्या दिवशी ती पट्टा काढत होती,
सासूबाई दारात उभ्या, पदराला हात पुशीत.
त्यांचं पहिलं मूल. त्याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही.
त्याही वेळी पाय सुजले होते म्हणे, एवढंच मला ठाऊक.
त्या आत आल्या. खुर्चीवर बसल्या.
पाठ टेकवली. पाय जमिनीवर.
काकण वर सारून दंड पुढे केला.

मी वहीचं नवं पान उघडलं.